गिरणी थांबली की

आमच्या घरात शांतता दिवसातून दोनदाच यायची, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला, आणि ती आली की सगळे बोलता बोलता गप्प व्हायचे. चाकूरपासून थोड्या आडवाटेला असलेल्या आमच्या गावात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. गिरणी आणि घर यांच्यात एकच मातीची भिंत. डिझेलचं इंजिन सकाळी सुरू झालं की त्याच्या धुराड्यावर पालथा घातलेला डबा ‘कुक कुक कुक’ करत दिवसभर बोंबलायचा. शिवारातल्या बायकांना त्यावरून कळायचं की गिरणी चालू आहे, दळण घेऊन निघायला हरकत नाही. त्या आवाजातच वाढल्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलायचो. अप्पा तर पूजेला बसले तरी देवाशी ओरडूनच बोलायचे. पीठ सगळीकडं असायचं, माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, तिच्या भुवयांवर, कोनाड्यातल्या दिव्यावर, पाण्याच्या घागरीच्या काठावर. गरम पिठाचा तो किंचित करपट वास आजही कुठं आला तर मी थबकतो. लातूरला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर विजेची चक्की आहे. ती चालू असली तर मी तिच्यासमोरून निवांत जातो, बंद असली तर पलीकडच्या गल्लीनं वळसा घालतो. बायको हसते. तिला कारण ठाऊक आहे, तरी हसते.

गिरणी चालवायचे इस्माईलचाचा. अप्पा मालक खरे, पण चाचांनी चिमटीत पीठ धरून मान हलवली नाही तोवर अप्पाही जात्याला हात लावायचे नाहीत. सकाळी ज्वारी, सणाच्या आदल्या दिवशी गहू, आणि सगळ्यात शेवटी मिरची, म्हणजे मग सगळं घर खोकत बसणार. दुपारी बाराच्या पुढं चाचा पट्टा उतरवायचे, इंजिन दोन-तीन धापा टाकून थांबायचं आणि आम्ही जेवायला बसायचो. उडदाच्या डाळीचं घुटं, भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा. कानात गिरणी अजून घुमत असायची, त्यामुळे पहिले चार घास कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही. चाचा ओट्यावर त्यांचा डबा सोडायचे आणि अव्वा तिथं घुट्याची वाटी नेऊन ठेवायची, न विचारता, रोज.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि महादेवीवैनी घरात आली. उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून तिचं माहेर. वय एकोणीस असेल. मराठी बोलायची पण मधेच कानडीत घसरायची. मला भाऊजी म्हणायच्या ऐवजी ‘मैदुना’ म्हणायची, म्हणजे तेच, दीर, आणि आम्ही हसलो की आणखी मुद्दाम म्हणायची. तिच्या हातची हुग्गी, गव्हाची ती दाट गोड खीर, अव्वानं पहिल्यांदा खाल्ली तेव्हा नाक मुरडलं आणि मग दोन वाट्या घेतल्या. एक गोष्ट मात्र तिला काही केल्या जमली नाही. तिला ओरडता यायचं नाही. काही सांगायचं असलं तर ती जवळ यायची, किंवा गिरणी थांबायची वाट बघत उभी राहायची. एवढ्या गोंगाटात ही पोर गप्प उभी राहून ऐकते, हे अव्वाला पहिल्यापासूनच विचित्र वाटायचं.

आता जे लिहायचं ते सरळ लिहून टाकतो. माझं वय तेव्हा वीस. पुरुषाच्या इंद्रियावरची पुढची कातडी मागं सरकते हे मला पुस्तकातून कळलं, स्वतःच्या अंगावरून नाही, कारण माझी कधी सरकलीच नव्हती. आधी त्याचं काही वाटायचं नाही. मग त्या वर्षी तिथं खाज सुरू झाली, मग सूज, मग बारीक भेगा. भेग भरून आली की कातडी आधीपेक्षा आवळलेली. असं होत होत शेवटी सुईच्या नेढ्याएवढी वाट उरली. लघवीला बसलो की आधी ती कातडी फुगायची, मग थेंब थेंब सुरू व्हायचं आणि त्या प्रत्येक थेंबाबरोबर मिरची लावल्यासारखी आग. मधूनमधून थंडी वाजून ताप यायचा. त्या तापांपायी लातूरचं कॉलेज सुटलं आणि मी घरी येऊन बसलो. अव्वा म्हणायची, पोरगं वाळून चाललंय. वाळत होतोच, कारण पाणी प्यायलाच मी घाबरत होतो.

कुणाला सांगायचं? अप्पांसमोर मी पायजम्याची नाडीसुद्धा नीट दिसू देत नव्हतो. दादाचं नवीन लग्न. इस्माईलचाचांना विचारावं असं कितीदा वाटलं, पण कॉलेजच्या होस्टेलवर एकानं सांगितलं होतं की याला सुंतेशिवाय इलाज नाही, आणि आमच्या गावात लिंगायताच्या पोरानं सुंता केली म्हटल्यावर लोक काय बोलतील हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. शिवाय मला मनातून वाटायचं की मी पुरुषातच जमा नाही, आपलं लग्नही कधी होणार नाही. म्हणजे ज्या एका माणसाला यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता होती, त्यालाच विचारायची मला सगळ्यात जास्त लाज. मी माझा इलाज सुरू केला. जुन्या धोतराचा फडका फाडायचा, त्यावर खोबरेल तेल आणि हळद, तो गुंडाळायचा, आणि मग न्हाणीच्या मागच्या भिंतीत वीट निखळल्यामुळं पडलेल्या भोकात दडवून ठेवायचा. तो फडका धुवायला टाकणं शक्यच नव्हतं.

आणि वेळ मी गिरणीवर बांधली. आमची न्हाणी परसात, गिरणीच्या भिंतीला चिकटून. गिरणी चालू असताना तिथं बसलं तर बाहेर काही ऐकू जात नाही, हे मी हेरलं होतं. म्हणून दिवसभर कळ सोसायची आणि दुपारी, पट्टा उतरायच्या आधी, भिंत थरथरत असताना आत जायचं. दाताखाली लुंगीचं टोक धरायचं, डोळे मिटायचे. बाकी माझं मला काही कळायचं नाही.

आवाज पहिल्यांदा अव्वानं ऐकला. उन्हाळ्याची सुरुवात होती. चाचांनी पट्टा उतरवला, इंजिन धापा टाकून थांबलं, आणि त्या नव्या शांततेत भिंतीतून काहीतरी कण्हलं. मी परसातून आत आलो तर अव्वा ताट हातात घेऊन तशीच उभी.

“तू ऐकलास का रं, बसू?” तिनं माझं नाव घेऊन विचारलं.

“काय?”

“रेडकू मेलेली म्हैस कण्हती ना, तसं. भिंतीतून आलं.”

मी काहीच ऐकलं नव्हतं, आणि तसं सांगितलं. ते खरं होतं. दोन दिवसांनी अप्पांनी ऐकलं. मग दादानं. प्रत्येक वेळी गिरणी थांबल्यावर, दोन-तीन श्वासांपुरतं, आणि मग काही नाही. कुणी न्हाणीकडं बघायचं नाही, सगळे गिरणीच्या भिंतीकडं बघायचे. अप्पांनी भिंतीला कान लावून बघितला. चाचांनी इंजिनाचं बेअरिंग खोललं, वंगण घातलं, जात्याच्या खालचा किडा-उंदीर बघितला. मी त्यांना कंदील धरून उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो सोंगाचा नव्हता.

मग एकातून एक निघत गेलं. न्हाणीच्या दगडावर रक्ताचा ठिपका सापडला. तो माझाच असणार हे मला त्याच क्षणी कळलं आणि मी परसातल्या गाईकडं बघत राहिलो. वैनीच्या लुगड्याला भोकं पडलेली निघाली, आता पिठाच्या घरात उंदीर असणारच, पण ते कोण बोलणार? शेजारणीनं शब्द उच्चारला आणि तो घरभर झाला. भानामती. आमच्या भागात हा शब्द मोठ्यानं बोलत नाहीत. कुणीतरी कुणावर करतं, मग घरात दगड पडतात, कपडे फाटतात, अन्नात राख निघते, आणि ज्याच्यावर केलंय तो माणूस वाळत वाळत जातो. ही विद्या हद्दीपलीकडून येते असं सगळे म्हणायचे. घरात वाळत जाणारा मी होतो आणि हद्दीपलीकडून आलेली एकटी वैनी.

एका सकाळी अप्पा न्हाणीची भिंत लिंपायला गेले आणि त्यांच्या हाताला तो फडका लागला. हळद, रक्त, तेल, गाठ मारलेला. काठीनं उचलून त्यांनी तो अंगणात आणून टाकला. अव्वानं मला त्याच्यापासून मागं ओढलं. “केलं गं बाई, माझ्या पोरावर केलं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वैनी दारात उभी होती. तिनं फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, “मला भोवळ यायलीय,” आणि आत जाऊन पडलो. भोवळ येत होती हेही खरंच. तेव्हाची माझी सगळी खोटी वाक्यं अशी खरी होती.

त्या दिवसापासून वैनीच्या हातचं पाणी बंद झालं. तिला चुलीपाशी जाऊ देत नसत. तिचं ताट वेगळं. दादा मान खाली घालून जेवायचा आणि उठून जायचा. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मी स्वतःशी एक हिशोब घातला होता. फडका माझा असला, रक्त माझं असलं, तरी आवाज तर माझा नव्हता ना? त्यातच एक दिवस असा आला की मी सगळ्यांबरोबर जेवायला बसलो होतो, तोंडात घास होता, गिरणी नुकतीच थांबलेली, आणि भिंतीतून तो आवाज आला. या वेळी मीही ऐकला. लांबलचक, घोगरा, शेवटाला तुटलेला. अव्वानं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. त्या दिवशी तो आवाज कुणी काढला, हे मला आजही ठाऊक नाही. पुढं बाकी सगळ्याचा उलगडा झाला, त्या एका दुपारचा झाला नाही. चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले, “पट्टा असंल,” आणि विषय बदलला.

पण त्या आवाजानं माझी सोय केली. मला वाटलं, चला, खरंच काहीतरी आहे. मग माझ्या एका फडक्यानं असा काय फरक पडणार? याची मला जितकी लाज वाटते, तितकी त्या दुखण्याची कधीच वाटली नाही.

बिलोलीकडचा एक जाणता, म्हणजे करणी उतरवणारा, आणवला गेला. मंगळवारी दुपारी येणार म्हणून निरोप आला आणि त्याच्याबरोबर हुकूम आला की त्या दिवशी गिरणी अजिबात सुरू करायची नाही, आवाजात ‘ते’ बोलत नाही. त्यामुळं मंगळवार उजाडला तो मुका. अशी शांतता त्या घरात मी कधी अनुभवली नव्हती. चिमण्यांची नखं पत्र्यावर वाजतात हे तेव्हा कळलं. आणि गिरणी नाही म्हणजे मला न्हाणीत जाता येणार नव्हतं. सकाळपासून मी गेलो नाही. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि कपाळावर घाम.

जाणता अगदी साधा माणूस दिसत होता, पोस्टात असतात तसा, पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यानं फडका मधे ठेवला, वैनीला समोर बसवलं, नाव-गाव विचारलं. मग तो अप्पांना म्हणाला, “हिच्या गळ्यात लिंग हाय तोवर ते माझ्यासमोर येत न्हाई. ते उतरवाय सांगा.”

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग जन्मल्यावर बांधतात आणि माणसाबरोबर पुरतात. ते अंगावरून उतरवणं म्हणजे तू आमच्यातली नाहीस, जिवंतच नाहीस, असं सांगणं. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या कुणासाठी हे करायचं असतं तर त्यांनी त्या माणसाला बाहेर काढलं असतं. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं, आणि म्हणाले, “उतरव पोरी. पोरगं वाचंल माझं.” हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. एवढं प्रेम माझ्यावर कुणी करू नये असं त्या वेळी वाटलं.

वैनी रडली नाही. तिनं दोन्ही हात मानेमागं नेले. गाठ जुनी, घामानं घट्ट झालेली. ती नखानं सोडवत होती आणि अंगणात दुसरा आवाज नव्हता. मी बोलायचं ठरवत होतो. आता बोलतो, ही बोटं थांबली की बोलतो. तेवढ्यात गाठ सुटली, दोरा तिच्या हातात आला, आणि तो आवाज आला.

तोच. लांबलचक, घोगरा. पण या वेळी भिंतीतून नाही. अगदी जवळून, माझ्या कानाच्या आत. सगळी माणसं माझ्याकडं वळली तेव्हा मला कळलं की माझं तोंड उघडं आहे. पोटातल्या कळेनं तो माझ्याच घशातून निघाला होता, आणि याआधीही दर दुपारी तोच निघत होता. लुंगीचं टोक दाताखाली धरून, गिरणीच्या घरघरीत, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येता मी किती दिवस कण्हत होतो कुणास ठाऊक. भीती म्हणजे काय ते मला त्या एका क्षणी कळलं.

“बोललं!” जाणता ओरडला. “तिनं लिंग सोडलं आन् ते पोराच्या अंगात शिरलं!”

अव्वानं हंबरडा फोडला. जमलेल्यांतल्या दोघांनी माझे दंड धरले. वैनी दोरा मुठीत धरून तशीच बसलेली. म्हणजे माझ्या कण्हण्यानंच तिच्यावरचा आरोप शाबीत झाला होता. मग मात्र मी ओरडलो, आमच्या घरातली माणसं ओरडतात तसा.

“कुणी शिरलं न्हाई! मला लघवी लागलीय! फडका माझा हाय, रगत माझं हाय, हळद मी लावलीय! सकाळधरनं मुतलो न्हाई मी!”

माझे दंड कुणी सोडले नाहीत. जाणता म्हणाला, ते असंच फसवतं. इस्माईलचाचा ओट्यावरून उठले, माझे दंड सोडवले, मला न्हाणीत नेलं आणि म्हणाले, “दिखा, बेटा. शरम मत कर.” त्यांनी एकदा बघितलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि बाहेर येऊन अप्पांना म्हणाले, “अप्पा, भूत बाद में बघू. पहले जीप बघा. पोराची लघवी तुंबलीय, मरंल.”

लातूरला अर्धी भावकी राहत होती म्हणून मला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एवढ्या गडबडीतही अप्पांना ते सुचलं. डॉक्टरांनी आधी लघवी मोकळी केली. मग दोन दिवसांनी ताप उतरल्यावर त्यांनी अप्पांना बोलावून सांगितलं की पुढची कातडी काढावी लागेल. अप्पा भिंतीला टेकले. त्यांनी हळू आवाजात, जो मी पहिल्यांदाच ऐकत होतो, निझामाच्या शेवटच्या दिवसांतलं सांगितलं. त्या दिवसांत रस्त्यात अडवून धोतर सोडायला लावायचे, कोण कुणाचा ते बघायला, दोन्हीकडचे लावायचे, आणि तेवढ्यावर माणूस जगायचा किंवा जायचा. अप्पा तेव्हा तरणे होते, बापाशेजारी उभे होते. “डॉक्टरसाहेब, त्या कातडीनं वाचलोय मी,” ते म्हणाले, “आता पोराची कशी काढू देऊ?”

डॉक्टर म्हणाले, “काका, कातडी असणं हा आजार नाही. सगळे पुरुष तसेच जन्मतात, बहुतेक तसेच म्हातारे होतात, रोज आंघोळीला धुतली की झालं. माझी तशीच आहे. लहानपणी ती चिकटलेली असते, वयाबरोबर आपोआप सुटते, कुणी ओढायचीही गरज नसते. तुमच्या मुलाची सुटली नाही, वरचेवर सूज येऊन आत घट्ट वण पडले. याचं काढायचं ते कातडी आहे म्हणून नाही, ती आजारी आहे म्हणून. वर्षभर आधी आला असता तर कदाचित औषधावरही भागलं असतं.” इस्माईलचाचा दारातून म्हणाले, “काय न्हाई अप्पा, आमच्यात सगळ्यांची करतात, दवाखान्यात लागंल त्याची करतात. कागदावर सही करा.” अप्पांनी केली.

नांदेडच्या त्या वॉर्डात, कळ ओसरल्यावर एका सकाळी मला शांततेत लघवी झाली. कुठं गिरणी नाही, दाताखाली लुंगी नाही. सरळ, बिनबोभाट. मी तिथंच भिंतीला धरून रडलो. हे वाचून कुणाला हसू येईल तर येवो.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या टोळीत परवा हाच विषय निघाला होता. कुणाच्या तरी मोबाईलवर आलं होतं की कातडी काढलेला माणूस ठणठणीत राहतो, आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर बरोबर याच्या उलट. मला विचारलं, कारण माझं झालेलं सगळ्यांना ठाऊक आहे, मी आता लपवत नाही. मी डॉक्टरांचंच सांगितलं. असली म्हणून बिघडत नाही, नसली म्हणून कुणी मोठा पैलवान होत नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि तिकडून पुन्हा कधी तक्रार आली नाही. दुखत असेल, उघडत नसेल, लघवीला कातडी फुगत असेल तर डॉक्टरला दाखवा, त्याच दिवशी दाखवा. एवढं सांगितलं. त्यापुढचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते इथं लिहितोय.

मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा वैनी घरात नव्हती. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले होते. अव्वा न्यायला गेली, दारातून परत आली. दादा दोनदा गेला, माझ्या ऑपरेशनचं आणि पथ्याचं सांगून एकटाच परत आला. महिनाभरानं मी एकटा गेलो, उदगीरला गाडी बदलून. डॉक्टरांनी सायकल आणि ओझं अजून काही दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून पिशवीत फक्त वैनीसाठी एक लुगडं आणि अव्वानं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता.

तिनं मला पाटावर बसवलं आणि हुग्गी वाढली. लिंग तिच्या गळ्यात होतं, त्यांच्या स्वामींनी पुन्हा बांधलं होतं, नव्या दोऱ्यात.

“आग व्हतीय का अजून?” तिनं विचारलं.

“न्हाई. आता काय न्हाई.” मी वाटीत बघत म्हणालो, “वैनी, देवाची आण, आवाज माझा हाय हे मला म्हाईत नव्हतं.”

“आवाजाचं मलाबी म्हाईत नव्हतं. मीबी भ्यायची.” ती थांबली. “फडक्याचं म्हाईत व्हतं.”

“तुम्हाला?”

“तुमच्या लुंग्या कोण धुत हुतं, मैदुना? हळदीचा डाग जातो व्हय? दुसऱ्या महिन्यातच कळलं मला, तुम्हाला कायतरी दुखणं हाय, आन् तुम्ही ते झाकताय. पुरुषमाणसाची लाज म्हणून गप बसले. फडका अंगणात आला तवा तुमच्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, उद्या बोलतील. त्या दिवशी गाठ लई येळ सुटंना. मी मुद्दाम हळू सोडत हुते.”

“मग तुम्ही का न्हाई सांगितलं?”

“मी सांगितलं असतं तर कुणी खरं मानलं असतं?”

मी बोललो खरा, पण गाठ सुटल्यावर बोललो. हे ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी हुग्गी खात राहिलो, डोळ्यातलं पाणी वाटीत पडत होतं आणि ती ते बघत नाही असं दाखवत होती.

मग ती उठली, आत गेली, तिच्या वडिलांशी कानडीत काहीतरी बोलली. वडील चिडून बोलत होते, ती हळू. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या कपड्यांची पेटी होती, पत्र्याची, चांगली जड.

“चला,” ती म्हणाली, “तीनची गाडी चुकंल.”

मी पेटी घ्यायला पुढं झालो. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली.

“तुम्हाला ओझं उचलायचं न्हाई ना अजून,” ती म्हणाली, आणि माझी पिशवीही तिनंच खांद्याला लावली.